कॅन्सर नाही, मग पुढे काय?

ठाणे जिल्ह्यात मानपाडे दोन. एक घोडबंदर रोडवरचा, ठाणे महापालिकेच्या हद्दीतला. दुसरा डोंबिवली पूर्वेचा, कल्याण-शीळ रस्त्यावरचा. दोन्ही ठिकाणी आधी टॉवर उभे राहिले आणि टॉवरांमागोमाग दवाखाने, पॅथॉलॉजी लॅब, स्कॅनिंग सेंटरं आली. आज डोंबिवली स्टेशनाबाहेर शेअर रिक्षात बसलं, की एक्स-रे काय किंवा एमआरआय काय, हाकेच्या अंतरावर मिळतो. हाडाच्या आतला फोटो काढणं ही आता अडचण राहिलेली नाही. तो फोटो, त्याखालचा रिपोर्ट आणि समोर बसलेला रुग्ण या तिन्हींचा एकत्र अर्थ लावणारी माणसं एका टेबलाभोवती हवी असतील, तर मात्र अजूनही परळ गाठावं लागतं.

हाडातल्या दुर्मीळ पण कॅन्सर नसलेल्या गाठींच्या रुग्णांना ही उणीव सगळ्यात जास्त नडते. कॅन्सरची वाट कठीण असली तरी ती ठरलेली आहे: परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात जायचं, फाइल काढायची, सांगतील ते करायचं. या गाठींना तशी वाट नाही. ‘कॅन्सर नाही’ एवढं कळलं की घरातले सुटकेचा श्वास टाकतात, डॉक्टरही सैल होतात आणि रुग्ण दुखरा पाय घेऊन तिथेच राहतो. ठाणे आणि कल्याण-डोंबिवली या दोन महापालिकांची लोकसंख्या २०११च्या जनगणनेतच मिळून ३० लाखांवर होती. एवढ्या वस्तीत दुर्मीळ आजाराचेही रुग्ण दर वर्षी निघणारच. त्यांच्यासाठी नवं रुग्णालय बांधायची गरज नाही. गरज आहे ती ठरलेल्या वारी, ठरलेल्या तासाला भरणाऱ्या एका बैठकीची.

ऑस्टिऑइड ऑस्टिओमा हे त्याचं पहिलं उदाहरण. नाव अवघड, गाठ छोटी. तिचा गाभा बहुधा दीड-दोन सेंटिमीटरच्या आतच असतो. रुग्ण साधारण पाच ते पंचवीस वयाचा, मुलींपेक्षा मुलांमध्ये दुप्पट-तिप्पट प्रमाण, जागा बहुतेक वेळा मांडीच्या किंवा नडगीच्या हाडात. दिवसभर सोसायटीच्या आवारात क्रिकेट खेळणारा मुलगा मध्यरात्री पाय धरून उठून बसतो. घरातलं पहिलं निदान ‘वाढीचं दुखणं’, दुसरं ‘कुठेतरी पडला असशील’. मग तेल, मालिश, क्रेप बँडेज. वेदनाशामक गोळी दिली की अर्ध्या-पाऊण तासात कळ थांबते आणि दुसऱ्या रात्री पुन्हा तेच.

खरं तर गोळीने लगेच आराम पडणं हीच निदानाची खूण असते. ही गाठ प्रोस्टाग्लँडिन नावाचं द्रव्य मोठ्या प्रमाणात तयार करते आणि अॅस्पिरिनच्या वर्गातली औषधं नेमकं तेच रोखतात. (पण म्हणून घरच्या घरी मुलांना अॅस्पिरिन देऊन पाहू नये, लहान वयात त्याने ‘राय सिंड्रोम’ हा यकृत आणि मेंदूचा गंभीर विकार होऊ शकतो.) वाढीचं दुखणं सहसा दोन्ही पायांत, संध्याकाळी किंवा रात्री येतं, सकाळी मूल धावत असतं. एकाच पायात, एकाच जागी, आठवड्यामागून आठवडे येणारी कळ ही वेगळी गोष्ट आहे. त्यात लंगडणं किंवा पोटरी-मांडी बारीक होणं दिसू लागलं, तर थांबण्यात अर्थ नाही.

न्यूयॉर्कचे पॅथॉलॉजिस्ट हेन्री जाफे यांनी १९३५ मध्ये या गाठीला स्वतंत्र ओळख दिली. आजार मात्र फार जुना आहे. दक्षिण आफ्रिकेत मलापा इथे ऑस्ट्रेलोपिथेकस सेडिबा या मानवपूर्वजाचे सुमारे २० लाख वर्षांपूर्वीचे अवशेष सापडले. त्यातल्या एका किशोरवयीन मुलाच्या पाठीच्या मणक्यात संशोधकांना हाडाच्या गाठीची खूण दिसली. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ती ऑस्टिऑइड ऑस्टिओमाशी जुळणारी असल्याचं म्हटलं आहे. मानवकुळातल्या गाठीचा हा सगळ्यात जुना पुरावा मानला गेला. तोही कॅन्सरचा नाही, हे विशेष.

निदान चुकतं ते बऱ्याचदा भारी तपासणीपायी. महाग तपासणी म्हणजे चांगली तपासणी हा समज आपल्याकडे पक्का आहे, त्यामुळे साधा एक्स-रे टाळून पहिल्याच फेरीत एमआरआय होतो. या गाठीभोवती हाडाच्या मगजात मोठी सूज असते. एमआरआयवर ती सूज ठळक दिसते आणि इवलासा गाभा तिच्यात बुडून जातो. रिपोर्टमध्ये मग जंतुसंसर्ग, ताणामुळे पडलेली बारीक भेग किंवा टीबी यांची शंका लिहिली जाते. आपल्या देशात टीबीची शंका कोणी हसण्यावारी नेत नाही, आणि नेऊही नये. पण नमुन्याच्या तपासणीत पुरावा नसताना एखाद्या मुलाला महिनोन् महिने टीबीच्या गोळ्या चालू राहिल्या, तर त्या गोळ्यांनी ही गाठ जात नाही. तिच्यासाठी नेमकी तपासणी आहे पातळ छेदांची सीटी. एक मिलिमीटरच्या छेदात तो गाभा आणि त्याभोवतीचं दाट झालेलं हाड स्वच्छ दिसतं. सीटीचं यंत्र मानपाड्यात आहेच. ‘इथे, एवढ्या भागाची, पातळ छेदांची सीटी करा’ असं लिहून देणारी चिठ्ठी मात्र नसते.

उपचार तर आणखी थक्क करणारे आहेत. पूर्वी हाडाचा तुकडाच कापून काढावा लागे. गाठ डोळ्यांना दिसत नसल्याने बाजूचं बरंच हाड जाई, आणि कधी गाठ मागे राहून हाडच कमी होई. बोस्टनमधले रेडिओलॉजिस्ट डॅनियल रोझेंथल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये वेगळा मार्ग मांडला. सीटीवर पाहत पाहत गाभ्यात सुई न्यायची आणि रेडिओ लहरींनी टोकाचं तापमान ९० अंशांच्या आसपास काही मिनिटं ठेवायचं. टाका नाही, प्लास्टर नाही. मूल त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी जातं आणि बहुतेकांची रात्रीची कळ तिथेच संपते. यश नव्वद टक्क्यांच्या आसपास सांगितलं जातं. मज्जातंतूंना किंवा मज्जारज्जूला खेटून गाठ असेल तर ही सुई जपून वापरावी लागते, कधी टाळावी लागते. मुंबईत टाटासह मोठ्या रुग्णालयांत ही सोय आहे. म्हणजे वर्ष-वर्ष रात्री जागून काढणाऱ्या मुलाचा उपचार लोकलच्या अंतरावर असतो आणि घरच्यांना त्याचं नावही ठाऊक नसतं.

दुसरं उदाहरण मोठ्या माणसांचं, आणि जास्त गुंतागुंतीचं. जायंट सेल ट्यूमर, डॉक्टरांच्या बोलण्यात जीसीटी. इंग्लंडचे सर्जन अॅस्टली कूपर यांनी १८१८ मध्ये तिचं वर्णन केलं. वय वीस ते चाळीस, म्हणजे नोकरी-संसाराचं ऐन वय. जागा बहुधा गुडघ्याच्या वरची किंवा खालची बाजू, नाहीतर मनगट. अगदी सांध्याला चिकटून. पाश्चात्त्य देशांत हाडातल्या मूळ गाठींपैकी पाचेक टक्के जीसीटी असतात, तर चीन आणि दक्षिण भारतातल्या नोंदींत हे प्रमाण २० टक्क्यांपर्यंत गेलेलं आहे. म्हणजे आपल्यासाठी ती तितकीशी दुर्मीळही नाही. डोंबिवलीहून रोज उभ्याने प्रवास करणाऱ्या तिशीच्या बाईचा गुडघा दुखू लागला, तर दोष गर्दीला, स्टेशनच्या जिन्यांना, वजनाला, कॅल्शियमला दिला जातो. एक्स-रे निघतो तो बऱ्याचदा हाडाची कड पातळ होऊन तडा गेल्यावर.

जीसीटीला कॅन्सर म्हणत नाहीत. पण साधी म्हणून सोडून देण्यासारखीही ती नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२०च्या वर्गीकरणात ती मधल्या गटात आहे: जागेवर आक्रमक, आणि क्वचित शरीरात अन्यत्र जाणारी. शंभरातल्या एक ते तीन-चार रुग्णांच्या फुप्फुसांत तिचे ठिपके आढळतात. मुख्य त्रास मात्र जागेवरचाच. ती सांध्याजवळचं हाड पोखरते आणि काढल्यावर परत येते. नुसती खरवडून काढली तर पूर्वी निम्म्यापर्यंत रुग्णांत ती उलटत असे. आता हाडाला मोठी खिडकी पाडून, शहाळ्यातली मलई कडेपर्यंत खरवडावी तशी गाठ काढतात. मग वेगाने फिरणाऱ्या बरने आतली भिंत घासतात, फिनॉल किंवा द्रव नायट्रोजनने उरलेल्या पेशी मारतात आणि पोकळी हाडाच्या सिमेंटने भरतात. सिमेंट घट्ट होताना तापतं, त्याचाही थोडा फायदा होतो. शिवाय पायावर लवकर भार देता येतो. पुढे सिमेंटच्या कडेला नवी काळी रेघ दिसली, तर गाठ परत आल्याचं लवकर कळतं. उशीर झाला, सांधा कोसळला, तर मात्र हाडाचं टोकच काढून धातूचा सांधा बसवावा लागतो. असे सांधे स्वस्तात देशात बनावेत म्हणून टाटाच्या डॉक्टरांनी आयआयटी मुंबईच्या अभियंत्यांबरोबर काम केलं आहे, आणि ते मोलाचं आहे. तरीही तिशीत स्वतःचा गुडघा राखणं आणि धातूचा गुडघा घेऊन पुढची चाळीस वर्षं काढणं यांत फार अंतर आहे. हे अंतर बऱ्याचदा पहिल्या एक्स-रेच्या तारखेवर ठरतं.

मग आलं औषध. डेनोसुमॅब हे मुळात ठिसूळ हाडांसाठीचं इंजेक्शन. जीसीटीसाठी अमेरिकेत त्याला जून २०१३ मध्ये मान्यता मिळाली. गाठ आकसते, कडेला नवं हाड धरतं, दुखणं थांबतं. माकडहाडाच्या वरच्या त्रिकास्थीसारख्या अवघड जागी ते वरदानच आहे. पण ‘आधी इंजेक्शन, मग सोपं ऑपरेशन’ ही कल्पना सरसकट वापरली गेली आणि तिथे गडबड झाली. इटलीत बोलोन्याच्या डॉक्टरांनी २०१८ मध्ये आकडे मांडले. इंजेक्शननंतर गाठ खरवडलेल्यांत ती ६० टक्क्यांना परत आली. इंजेक्शनशिवाय खरवडलेल्यांत १६ टक्क्यांना. अर्थात इंजेक्शन मिळालेल्यांचे आजार मुळात जास्त बिकट असू शकतात, हे लक्षात घ्यायला हवं. पण पुढच्याच वर्षी टाटाचे डॉ. अजय पुरी आणि सहकाऱ्यांनीही ऑपरेशन करता येण्याजोग्या रुग्णांबद्दल तसाच सावधगिरीचा सूर लावला. कारण समजण्याजोगं आहे. औषधाने धरलेल्या नव्या हाडात गाठीच्या पेशी लपून राहतात आणि सर्जनला कड कुठे संपते ते कळत नाही. औषध दुकानात मिळतं, त्याचे भारतीय अवतारही आले आहेत. म्हणूनच ते कोणी, कधी, किती महिने द्यायचं हा निर्णय एकट्या माणसाने घेऊ नये.

बायोप्सीचंही तसंच. ‘सुई लावली की गाठ पसरते’ या समजापायी लोक तपासणी टाळतात, ते चूक. पण कुठूनही, कशीही बायोप्सी केली तरी चालते, हेही चूक. हेन्री मॅन्किन यांनी १९८२ मध्ये आणि पुन्हा १९९६ मध्ये अमेरिकेतल्या हाडांच्या गाठींच्या बायोप्सींचा हिशेब मांडला. दुसऱ्या अभ्यासात ५९७ रुग्ण होते. सुमारे १८ टक्क्यांत निदानाची मोठी चूक होती आणि १८ जणांचा हात किंवा पाय विनाकारण गेला होता. हा हिशेब प्रामुख्याने कॅन्सरच्या संशयाच्या रुग्णांचा, पण धडा कॅन्सर असलेल्या आणि नसलेल्या, दोघांनाही लागू आहे. अंतिम ऑपरेशन जिथे होणार, तिथल्याऐवजी पाठवणाऱ्या रुग्णालयात बायोप्सी झाली की चुका आणि गुंतागुंत कित्येक पटींनी वाढत होती. सुईची वाट पुढच्या ऑपरेशनच्या रेषेत नसेल, तर ती वाटही कापून काढावी लागते. तेव्हा नियम सोपा आहे: जो ऑपरेशन करणार, त्यानेच बायोप्सी करावी किंवा कुठून करायची ते सांगावं. कल्याण-डोंबिवलीतल्या अस्थिरोगतज्ज्ञांनी एवढं पाळलं तरी निम्मं काम होईल. एक्स-रेवर काहीतरी विचित्र दिसलं, त्याच संध्याकाळी ‘बघू या काय आहे’ म्हणून हाड उघडलं, ही घाई आहे. तिला धडाडी म्हणता येणार नाही.

दुसऱ्या टोकाची चूकही तितकीच खरी. हाडात दिसणाऱ्या कित्येक गाठींना हात न लावणं हाच उपचार असतो. वाढत्या वयातल्या मुलांत नॉन-ऑसिफाइंग फायब्रोमा नावाचा डाग इतका सर्रास असतो, की पाय मुरगळला म्हणून काढलेल्या एक्स-रेत तो अचानक सापडतो आणि मोठेपणी आपोआप भरून येतो. त्याला बायोप्सी नको, ऑपरेशन नको, आईबापांची झोपमोडही नको. दंडाच्या वरच्या भागातला साधा बोन सिस्टही असाच. जोरात चेंडू फेकताना हाड मोडतं आणि सिस्ट उघडकीला येतो. फ्रॅक्चर जुळताना काहींचा सिस्टही भरतो. न भरल्यास इंजेक्शनचा पर्याय आहे. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका तुलनात्मक चाचणीत स्टिरॉइडच्या इंजेक्शनने ४२ टक्के, तर बोन मॅरो घालून २३ टक्के सिस्ट भरले. ज्याचा गाजावाजा जास्त, ते मागे पडलं.

हे सगळं ओळखायचं कसं? वय, हाडातली नेमकी जागा आणि एक्स-रेवरची कड, या तीन गोष्टींवर अनुभवी माणूस बरंच सांगून जातो. कड रेखीव आणि पांढरी असेल तर गाठ सावकाश वाढणारी; कुरतडल्यासारखी असेल तर घाई करा. खांद्याच्या टोकाला, वाढ चालू असलेल्या मुलात डाग असेल तर काँड्रोब्लास्टोमा आठवतो. वाढ संपलेल्या माणसाच्या गुडघ्याला असेल तर जीसीटी. पॅथॉलॉजिस्टला सूक्ष्मदर्शकाखाली दिसणाऱ्या मोठ्या पेशी मात्र जीसीटीत असतात, काँड्रोब्लास्टोमात असतात, अॅन्युरिझमल बोन सिस्टमध्ये असतात, पॅराथायरॉइड ग्रंथीच्या बिघाडातही असतात. म्हणून ज्याच्यासमोर एक्स-रे नाही, त्याचा स्लाइडवरचा रिपोर्ट अपुरा. जाफे यांनी याच कारणाने सर्जन, रेडिओलॉजिस्ट आणि पॅथॉलॉजिस्ट या तिघांनी एकत्र बसून निर्णय घ्यावा असा आग्रह धरला होता. मानपाड्यात हे तिघेही आहेत. फक्त ते तीन वेगळ्या इमारतींत आहेत, आणि त्यांच्यात निरोप्याचं काम करतो तो हातात पिशवी घेतलेला रुग्णाचा भाऊ.

आणखी एक गैरसोय आकड्यांची. मुंबईची लोकसंख्येवर आधारलेली कॅन्सर नोंदणी देशातली पहिली, १९६३ पासूनची. अशा नोंदवह्या कॅन्सर मोजण्यासाठी असतात. ऑस्टिऑइड ऑस्टिओमासारखी गाठ त्यांत येतच नाही. जे मोजलं जात नाही त्याला अर्थसंकल्पात ओळ मिळत नाही, हे महापालिकांचा कारभार पाहणाऱ्या कोणालाही सांगायला नको. बोस्टनचे अर्नेस्ट कॉडमन हे काँड्रोब्लास्टोमाचं १९३१ मध्ये वर्णन करणारे सर्जन. ऑपरेशन केलेल्या प्रत्येक रुग्णाचं पुढे काय झालं ते लिहून ठेवा, एवढी साधी मागणी त्यांनी लावून धरली आणि त्यापायी सहकाऱ्यांचा रोष ओढवून घेतला. १९२०च्या सुमारास हाडांच्या सार्कोमाची नोंदवही त्यांनीच सुरू केली. शंभर वर्षांनंतर ठाण्यात तशी वही सुरू करायला एक संगणक आणि एक जबाबदार माणूस पुरेल.

बैठकीसाठी जागाही तयार आहे. कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय ठाणे महापालिकेचं आहे, त्याला राजीव गांधी वैद्यकीय महाविद्यालय जोडलेलं आहे. तिथे अस्थिरोग, रेडिओलॉजी, पॅथॉलॉजी हे तिन्ही विभाग एका आवारात आहेत. पंधरा दिवसांतून एकदा दोन तास तिथे बैठक ठेवावी. कल्याणचं रुक्मिणीबाई आणि डोंबिवलीचं शास्त्रीनगर रुग्णालय, तसंच खासगी डॉक्टर यांनी आपल्या शंकास्पद केसचे फोटो तिथे आणावेत, प्रत्यक्ष किंवा पडद्यावर. जे तिथे सुटणार नाही ते टाटाकडे जावं. टाटाच्या पुढाकाराने २०१२ मध्ये उभ्या राहिलेल्या नॅशनल कॅन्सर ग्रिडमध्ये आज देशातली तीनशेहून अधिक केंद्रं आहेत आणि अवघड केसवर ऑनलाइन एकत्र चर्चा करण्याची पद्धत तिथे रुळली आहे. त्या दारात हाडांच्या साध्या गाठींनाही जागा मागता येईल.

आक्षेप येतीलच. डेंग्यू, टीबी, बाळंतपणाच्या खाटा यांचेच वांधे असताना हे चोचले कशाला, असा पहिला. उत्तर एवढंच, की इथे खाट मागितलेली नाही, यंत्र मागितलेलं नाही. दोन तास मागितले आहेत, आणि त्यातून चुकीचे एमआरआय, अकारण टीबीच्या गोळ्या, नको ती ऑपरेशनं वाचणार आहेत. दुसरा आक्षेप कोणी बोलून दाखवत नाही, पण तो जास्त खरा आहे: केस बैठकीत नेली तर रुग्ण हातचा जाईल. ही भीती समजू शकते. ती घालवायची तर बैठकीने निदान करून रुग्ण शक्यतो त्याच डॉक्टरकडे परत पाठवला पाहिजे, आणि ऑपरेशन दुसरीकडे झालं तरी पुढची तपासणी मूळ डॉक्टरकडे राहिली पाहिजे.

पैशांची बाजूही याच बैठकीत सुटू शकते. महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजना २०२३ मध्ये राज्यातल्या सर्व कुटुंबांसाठी खुली करून विमासंरक्षण दीड लाखावरून पाच लाखांवर नेण्याचा निर्णय सरकारने घेतला. योजनेच्या रुग्णालयांत आरोग्यमित्र बसतात. पण गाठ कॅन्सरची नाही म्हटल्यावर हे उपचार योजनेत बसतात की नाही, बसले तर कुठल्या रुग्णालयात, हे कुटुंबाला दाखल होण्याआधी सांगणारं कोणी नसतं. आरोग्यमित्राला बैठकीत बोलावलं की तो प्रश्न तिथल्या तिथे मिटेल.

तोवर रुग्णांनी आपल्यापुरतं काय करावं? स्कॅनची नुसती फिल्म न घेता सीडी किंवा डिजिटल फाइल मागून घ्यावी, कारण दुसऱ्या डॉक्टरला छेद मागेपुढे करून पाहावे लागतात. बायोप्सी झाली असेल तर स्लाइड आणि मेणाचे ब्लॉक लॅबमधून घ्यावेत. टाटात आधी तेच मागतात. दुखऱ्या गाठीवर मालिश करू नये, हाडवैद्याकडे तर मुळीच जाऊ नये, पोखरलेलं हाड तिथे मोडतं. आणि जीसीटीचं ऑपरेशन झालेल्यांनी टाके निघाले म्हणून फाइल कपाटात टाकू नये. ही गाठ परत येते ती बहुधा पहिल्या दोन-तीन वर्षांत, पण नंतरही येऊ शकते. त्या काळात सांध्याचा आणि छातीचा एक्स-रे ठरावीक अंतराने लागतो. तो काढायला मानपाड्याहून परळला जायचं कारण नाही. शास्त्रीनगरमध्ये काढलेला एक्स-रे कळव्याच्या पडद्यावर पाहता येतो, आणि संशय आला तरच दादर-परळची गाडी पकडावी लागते.